मागची बाजू

दिवसभर नव्या पेठेतल्या स्टुडिओत
मी सावल्या पुसते.
पासपोर्टच्या फोटोत कानामागे सावली चालत नाही,
हनुवटीखाली चालत नाही.
चडचणकर सर म्हणतात, सरकारला माणूस सपाट लागतो.
दोन दिवे, पांढरा पडदा, आठ प्रती.

सुट्टीच्या दिवशी घरी
त्याच सावल्या गोळा करत बसते.

चार वाजता शेजारची टाकी आणि जिना यांच्या फटीतून
ऊन आत येतं, वीतभर रुंद,
फार वेळा धुतलेल्या पंचासारखं.
स्टुलावर पांढरा कागद,
कागदावर हाताला लागेल ते:
आईचा चष्मा, करडईच्या तेलाची बाटली,
होमिओपॅथीची रिकामी कुपी,
गड्ड्याच्या जत्रेतली, टवका उडालेली बांगडी.

काचेची सावली काळी नसते
हे मला पस्तिसाव्या वर्षी कळलं.
तिच्या पोटात उजेड असतो, कडेला थोडा अंधार,
तोही उजेड सांडू नये म्हणून घातलेला बांध.
तेलाची बाटली कागदावर मध ओतते.
चष्मा ठेवला की दोन डोळे उघडतात,
आईच्या डोळ्यांपेक्षा तरतरीत.
आणि साधा, स्टीलच्या भांड्यांत एकटा पडलेला
काचेचा ग्लास:
रिकामा असताना नुसतं वर्तुळ,
पाणी भरलं की त्यातून जे काही खाली उतरतं
त्याला मला अजून शब्द सापडलेला नाही.

आमच्याकडे नळ पाचव्या दिवशी येतो.
फोटोला पाणी कशाला लागतंय, आई विचारते.
म्हणून फोटो झाला की मी ते पिऊन टाकते.
कागदावरचा उजेड
पहिल्या घोटाआधीच गेलेला असतो.

अडचण एकच.
भिंतीपलीकडे मल्लेशमचे चार माग.
भिंत हलते, भिंतीमुळे स्टूल, स्टुलामुळे पाणी,
आणि उजेडाची जाळी
ताप आलेल्या अंगासारखी थरथरत राहते.
सरांनी टाकून दिलेला माझा कॅमेरा,
त्याचं शटर म्हाताऱ्याच्या पापणीसारखं सावकाश मिटतं.
सगळे फोटो धुरकट.

मग मी वीज जाण्याची वाट बघू लागले.
एप्रिलात, चव्वेचाळीस डिग्रीत,
अशी वाट बघणारी साखर पेठेत मी एकटीच असेन.

त्या बुधवारी गेली.
पंखा थांबला. माग थांबले.
पलीकडून मल्लेशमची तेलुगू शिवी आली,
आणि कागदावरचा उजेड
उभा राहिला.
त्यातली एकेक रेघ मोजता येईल इतका स्थिर.
अर्धा तास. नऊ फोटो.
मानेवरून घाम ओघळत होता, मी पुसला नाही.

पुढच्या आठवड्यात मल्लेशम
धागे कापायचं गाठोडं आईला द्यायला आला.
मी फोटो दाखवला.
त्यानं तो कापड धरतात तसा चिमटीत धरला,
वरून अंगठा फिरवला.
"वीण बरीय," म्हणाला, "इथं एक धागा सुटलाय बघ."
सुटलाच होता. ग्लासला गेलेला बारीक तडा,
जो मी रोज पाणी पिऊनही पाहिला नव्हता.

मग त्यानं फोटो उलटा केला.
चादर विणणारा माणूस,
मागची बाजू बघितल्याशिवाय मत देत नाही.
पुढं पांढऱ्यावर निळा मोर असेल
तर मागं निळ्यावर पांढरा असणारच.

मागं माझं पेन्सिलचं अक्षर:
बुधवार. वीज नव्हती. ४.१० ते ४.४०.

तो ते वाचत राहिला. ओठ हलले,
आकडे तो तेलुगूतच मोजतो.
"एक चादर," म्हणाला, "आणि वर हातभर."
रागानं नाही. माप सांगतात तसं.

मला काही सुचेना.
आई म्हणाली, पाणी दे की त्याला.
मी तोच ग्लास भरून दिला.
तो दारातल्या उन्हात उभा राहून प्यायला, वरून, तोंड न लावता,
आणि उंबऱ्यावर त्याच्या पायाशी
ते हलत होतं.

कॅमेरा खिडकीत होता, हात पुरेल इतक्या अंतरावर.
पलीकडे त्याचा भाऊ मागावर होता.
भिंत हलत होती.